मोटारीच्या टायरांची मापे आणि त्यांची अदलाबदल : एक ऐतिहासिक विवेचन

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहाराला मापांच्या मेळाचा प्रश्न असा कधी पडलाच नाही. तो चाकाचा घेर मोजी, त्याहून किंचित कमी घेराचे लोखंडी कडे सांधून तयार करी, ते तापवून फुगले म्हणजे चाकावर बसवी आणि वरून पाणी घालून थंड करी. आकसलेली धाव आऱ्यांना व तुंब्याला एकत्र आवळून धरी. ती धाव त्या एकाच चाकासाठी घडविलेली असे. ती दुसऱ्या चाकाला चालेल काय, ही शंका घेण्याचे कोणालाच कारण नव्हते. रबरी टायरने ही व्यवस्था मुळापासून पालटली. टायर एका कारखान्यात, चाक दुसऱ्या कारखान्यात आणि गाडी तिसऱ्याच ठिकाणी तयार होऊ लागली. झिजलेला टायर बदलण्याचा प्रसंग मात्र या तिघांपासून दूर, एखाद्या चौथ्याच गावी येऊ लागला. या चौघांमध्ये जो मूक करार असतो, तो टायरच्या बाजूवर उठविलेल्या दोन-चार आकड्यांत सामावलेला आहे. त्या आकड्यांचा इतिहास हा वरवर पाहता केवळ तांत्रिक विषय वाटतो. वस्तुतः कोणते माप स्थिर धरावे व कोणते बदलू द्यावे, याविषयी कारखानदार, शासन आणि गाडीचा मालक यांच्यात चाललेल्या दीर्घ वादाचा तो लेख आहे.

हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले होते. परंतु तेव्हा त्याला बाजारपेठ नव्हती आणि पुढे तो विस्मृतीत गेला. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने १८८८ मध्ये सायकलीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडली. थॉमसनचे पूर्वीचे पेटंट उजेडात आल्यावर डनलपचा हक्क १८९० मध्ये रद्द ठरला. अदलाबदलीच्या दृष्टीने मात्र या दोघांपेक्षा १८९० व १८९१ ही वर्षे अधिक महत्त्वाची होत. डनलपचा पहिला टायर चाकाला चिकटविलेला असे. तो काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. १८९० मध्ये वेल्च याने कडेत तार घातलेला टायर व बार्टलेट याने रिमच्या वळलेल्या ओठात अडकणारा टायर अशी दोन भिन्न उत्तरे दिली आणि १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा सायकल-टायर आणला. टायर सुटा झाला त्या क्षणी त्याच्या मापाचा प्रश्न जन्माला आला, असे म्हणण्यास हरकत नाही. सुट्या वस्तूलाच पर्याय शोधता येतो.

मोटारींच्या आरंभकाळात माप सांगण्याची पद्धत अशी होती की, प्रथम टायरचा बाह्य व्यास सांगावा आणि नंतर त्याच्या छेदाची रुंदी सांगावी. फ्रेंच परंपरेत ही मापे मिलिमीटरमध्ये, म्हणजे ७६० × ९० किंवा ८१५ × १०५ अशी लिहीत. इंग्रजी व अमेरिकी परंपरेत ३० × ३½ किंवा ३४ × ४ अशी इंचांत लिहीत. बाह्य व्यासाला अग्रस्थान देण्यामागे तर्क होता. गाडीची जमिनीपासूनची उंची आणि चाकाच्या एका फेऱ्यात कापले जाणारे अंतर ही दोन्ही बाह्य व्यासावर अवलंबून असतात, आणि घोडागाडीच्या काळापासून चाक हे त्याच्या उंचीवरूनच ओळखले जात असे. परंतु टायर ज्या ठिकाणी बसावयाचा त्या रिमचा व्यास या मापात कोठेच नव्हता. तो वजाबाकीने काढावा लागे. छेद जवळजवळ वर्तुळाकार असल्याने त्याची उंची रुंदीइतकीच धरीत आणि बाह्य व्यासातून रुंदीची दुप्पट वजा करीत.

या वजाबाकीचे महत्त्व फोर्डच्या मॉडेल टी या गाडीवरून उत्तम प्रकारे कळते. १९०८ मध्ये निघालेल्या या गाडीला अनेक वर्षे पुढे ३० × ३ व मागे ३० × ३½ अशा मापांचे टायर असत. चारही चाकांची उंची कागदावर ३० इंचच. परंतु पुढच्या रिमचा व्यास २४ इंच आणि मागच्या रिमचा २३ इंच. परिणाम असा की, जगातील सर्वांत स्वस्त व सर्वांत सुलभ म्हणून गाजलेल्या गाडीचे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे बसत नसत, व सावध मालकाला दोन्ही मापांचे टायर आणि ट्यूब जवळ बाळगाव्या लागत. एकसारख्या सुट्या भागांचा जो महान आदर्श म्हणून या गाडीचा उल्लेख ग्रंथांतून होतो, त्याची ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. पुढे १९१९ पासून सुट्या होणाऱ्या रिमांचा पर्याय मिळू लागला, तेव्हा चारही चाकांना ३० × ३½ हे एकच माप घेणे शक्य झाले.

याच वजाबाकीतून ‘मोठ्या मापाचा’ टायर बसविण्याची प्रथा निघाली. ३० × ३½ या टायरच्या रिमचा व्यास २३ इंच, आणि ३१ × ४ या टायरच्या रिमचाही २३ इंचच. म्हणजे छेदाची रुंदी अर्ध्या इंचाने वाढली आणि बाह्य व्यास एक इंचाने वाढला, तर रिम तीच राहते. त्याचप्रमाणे ३४ × ४ च्या जागी ३५ × ४½ चालत असे. जड गाडीच्या मालकाला थोडे अधिक पैसे देऊन अधिक भार पेलणारा, खड्ड्यांतून कमी दणके देणारा टायर त्याच चाकावर घेता येई. पर्यायी मापाच्या निवडीचा हा पहिला नियम होय, आणि तो कोणत्याही शासनाने केलेला नव्हता. टायर विकणाऱ्यांनी तो सूचीच्या पानावर छापला व मालकांनी अनुभवाने पडताळून पाहिला.

या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे मापांचे अरण्य. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्ध-उद्योग मंडळाने काटकसरीची मोहीम हाती घेतली, तेव्हा मोटारींच्या टायरांचे २८७ प्रकार बाजारात असल्याचे आढळले. ते टप्प्याटप्प्याने ९ वर आणावेत असे ठरले. मापांची संख्या कमी करण्याचे काम स्पर्धेने केले नाही, ते युद्धाने केले. दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. जपानने १९४२ च्या आरंभी मलाया व डच ईस्ट इंडीज येथील रबराच्या मळ्यांवर ताबा मिळविल्यावर टायर ही दुर्मिळ वस्तू झाली, आणि लष्करी जीपच्या ६.००-१६ या मापाला जगभर प्रसार मिळाला. महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा तिच्याबरोबर हे मापही भारतात आले आणि नंतर कित्येक दशके खेड्यापाड्यांतील टायरच्या दुकानांत ते सहज मिळणारे माप म्हणून टिकून राहिले.

जीपच्या मापाची मांडणी मात्र मॉडेल टीच्या मापाहून निराळी आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. ६.०० इंच ही छेदाची रुंदी आणि १६ इंच हा रिमचा व्यास. बाह्य व्यास येथे नाहीसा झाला आहे. ही उलथापालथ १९२३ नंतरच्या काही वर्षांत झाली व तिला कारण झाला तो कमी दाबाचा, फुगीर ‘बलून’ टायर. हा टायर आल्यावर जुनी वजाबाकी निरुपयोगी झाली. छेदाची उंची व रुंदी यांचे प्रमाण आता टायरागणिक थोडेथोडे बदलू लागले. त्या काळातील दोन मापे पाहिली म्हणजे गोंधळाची कल्पना येते. २९ × ४.४० हा टायर २१ इंची रिमचा, तर २९ × ४.५० हा २० इंची रिमचा. नावात २९ हा आकडा समान, रुंदीत फक्त दशांश इंचाचा फरक, आणि रिममध्ये मात्र पुऱ्या एका इंचाची तफावत! अशा स्थितीत पहिला आकडा मालकाला मार्ग दाखविण्याऐवजी चुकवू लागला. तेव्हा उद्योगाने तो सोडून दिला व ४.४०-२१, ४.५०-२० असे लिहिण्यास आरंभ केला. १९२८ मधील फोर्डच्या मॉडेल ए या गाडीचे माप ४.५०-२१ असे नव्या पद्धतीनेच ओळखले जाते.

हा बदल केवळ लिपीचा नव्हता. जुन्या पद्धतीत चाकाची उंची हे मूळ तत्त्व होते. नव्या पद्धतीत टायर रिमवर बसतो की नाही हे मूळ तत्त्व झाले. सायकलीच्या क्षेत्रात ही क्रांती वेळेवर झाली नाही, आणि तिचे परिणाम तेथे आजही भोगावे लागतात. फ्रान्समध्ये ७०० मिलिमीटर या बाह्य व्यासाखाली ए, बी आणि सी अशा तीन रुंदींचे टायर होते. बाह्य व्यास समान ठेवण्यासाठी त्यांच्या रिमा अनुक्रमे ६४२, ६३५ व ६२२ मिलिमीटर व्यासाच्या केल्या गेल्या. पुढे सी प्रकारावर अरुंद टायर बसू लागले तरी ७०० हे नाव तसेच राहिले. आपल्याकडील जुन्या दांडगट सायकलींचा २८ × १½ हा टायर ६३५ मिलिमीटर रिमचा आहे, तर २८ हाच आकडा मिरविणारा दुसरा टायर ६२२ मिलिमीटरचा. दोन्ही ‘अठ्ठावीसचेच’, परंतु एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. सायकलच्या दुकानात जुना टायर घेऊनच जावे, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला या इतिहासातून आलेला आहे.

रिमचा व्यास मूळ तत्त्व ठरल्यावर एखाद्या कारखानदाराला आपला ग्राहक बांधून ठेवावयाचा असेल तर त्याने काय करावे? त्याने रिमच निराळी करावी. फ्रान्समधील सित्रोएन कंपनी १९३४ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली व मिशेलिनच्या ताब्यात आली. त्यानंतर तिच्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या सुप्रसिद्ध गाडीला १६५ × ४०० असे माप मिळाले. ४०० मिलिमीटर म्हणजे १५.७५ इंच. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर आणि १६ इंच म्हणजे ४०६.४, हे माप बरोबर त्या दोहोंच्या मध्ये पडते, त्यामुळे बाजारातील इंची टायर या चाकावर चढत नाहीत. दशमान पद्धतीविषयीचा फ्रेंच आग्रह हे एक कारण सांगता येईल. परंतु गाडी करणारा व टायर करणारा एकाच मालकीखाली असताना असे माप ठरावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. १९७५ मध्ये त्याच कंपनीने टीआरएक्स नावाची नवी रचना आणली व तिच्या अनेक गाड्यांसाठी ३९० मिलिमीटर हा रिमव्यास ठेवला. यावेळी रिमच्या काठाचा आकारही बदललेला असल्याने सुरक्षिततेचे कारण खरोखरच होते. साधा १५ इंची टायर त्या चाकावर चुकून बसू नये हे योग्यच. परंतु फोर्ड व बीएमडब्ल्यू यांच्या ज्या गाड्यांना ही चाके लागली, त्यांच्या मालकांना पुढे टायर बदलताना एकाच कंपनीकडे वळावे लागले किंवा चारही चाके टाकून द्यावी लागली. रचना मागे पडल्यावर दुसरा मार्गच बहुतेकांना पत्करावा लागला.

मापांची तफावत दर वेळी खिशापुरतीच मर्यादित राहते असे नाही. अमेरिकेत हलक्या ट्रकांसाठी १६.५ इंच व्यासाची रिम काही काळ प्रचारात होती. तिची टायर टेकण्याची बैठक १५ अंशांनी उतरती असते; १६ इंची रिमची बैठक जवळजवळ सपाट, ५ अंशांची. दोहोंच्या व्यासात फरक अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. डोळ्यांना तो जाणवत नाही, आणि १६ इंची टायर १६.५ च्या रिमवर ओढूनताणून चढविता येतो. परंतु त्याची कड बैठकीवर बसत नाही. ती बसावी म्हणून कामगार हवेचा दाब वाढवीत जातो आणि कडेतील पोलादी तार तुटून टायर स्फोटासारखा उडतो. अशा अपघातांत माणसे मेली, कायमची जखमी झाली, आणि अमेरिकी न्यायालयांत त्यासंबंधी अनेक दावे चालले. वादाचा मुद्दा प्रायः हाच असे की, आकडा टायरवर स्पष्ट छापलेला असताना दोष वाचणाऱ्याचा, की ज्याने इतकी निसटती भिन्नता असलेली दोन मापे एकाच बाजारात सोडली त्याचा? टायरवर ‘अमुक दाबापेक्षा अधिक हवा भरू नये’ आणि ‘याच मापाच्या रिमवर बसवावा’ अशा ज्या सूचना दिसतात, त्यांच्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

१९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल रचनेचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून तो टायर बाजारात आला. तिरकस थरांच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर परस्परांना छेदून जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व वरून पोलादी पट्टा असतो. रचनेचा हा भेद मापात उमटणे अपरिहार्य होते, कारण समान मापाचे दोन टायर आता समान राहिले नाहीत. पुढे तिरकस व मागे रेडियल ही जोडी नाइलाजाने चालविता येते. परंतु पुढे रेडियल व मागे तिरकस घातल्यास वळणावर पुढची चाके रस्ता घट्ट धरतात, मागची निसटतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणूनच रुंदी व रिमव्यास यांच्या मध्ये ‘आर’ हे अक्षर आले. त्याच्या आधी वेगमर्यादेचे अक्षरही बसू लागले. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर व एच म्हणजे २१०. माप म्हणून आरंभलेली ही संज्ञा हळूहळू टायरच्या स्वभावाचे वर्णन करू लागली. थरांच्या संख्येचेही असेच झाले. आरंभी सुती कापडाचे थर मोजून ती संख्या लिहीत. सुताच्या जागी रेयॉन व नंतर नायलॉन आल्यावर थर कमी झाले, परंतु संख्या मात्र जुन्या सुती थरांच्या ताकदीच्या तुलनेत लिहिली जाऊ लागली. आठ थरांचा म्हणून विकला जाणारा टायर कापून पाहिला तर त्यात आठ थर सापडतीलच असे नाही.

याच काळात अमेरिकेने एक तिसरेच तत्त्व पुढे आणले. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे ७.७५-१४ अशा मापांच्या जागी एफ ७८-१४ अशी मापे आली. पहिले अक्षर टायरची भार पेलण्याची क्षमता दर्शवी, ७८ हे छेदाच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, व १४ हा इंचांतील रिमव्यास. मालकाने अक्षर तेच ठेवावे आणि प्रमाण हवे तर ७८ चे ७० करावे. भार तितकाच पेलला जाईल. पर्याय निवडण्याच्या दृष्टीने ही पद्धत सर्वांत प्रामाणिक होती असे म्हणावे लागते, कारण टायरवर माणसांचा जीव अवलंबून असतो तो प्रथम भारामुळे. परंतु रुंदी किती हे त्या मापावरून कळत नसे, आणि युरोपीय पद्धतीशी तिचा मेळ नव्हता. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती मागे पडली व पी २०५/७५ आर १४ यासारखी मापे रूढ झाली. युरोपात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या टायर व रिम यांच्या तांत्रिक संघटनेने, आणि १९७५ मध्ये अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३० व्या नियमावलीने हीच दिशा पक्की केली. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचांत आणि मध्ये एक शेकडा प्रमाण, असा हा त्रिविध संकर आज जगभर चालू आहे. दशमान पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी रुंदी जिंकली, परंतु रिम त्यांच्या हाती आली नाही. कोट्यवधी चाके आधीच इंचांत तयार झालेली होती.

या नव्या मापातील विसंगती अशी की, १९०८ मध्ये जो आकडा सर्वप्रथम लिहीत, तोच तेवढा यात नाही. बाह्य व्यास आता मालकालाच काढावा लागतो, आणि पर्यायी टायर निवडताना नेमकी त्याचीच गरज असते. १६५/८० आर १३ हा टायर घेतल्यास रिमव्यास ३३०.२ मिलिमीटर; त्यात १६५ च्या ८० टक्क्यांची, म्हणजे १३२ ची दुप्पट मिळविली की बाह्य व्यास ५९४ येतो. १८५/६५ आर १४ चा हिशेब केल्यास ३५५.६ अधिक २४०.५, म्हणजे ५९६. रिम एक इंचाने मोठी होऊनही चाकाची उंची जवळजवळ तीच राहिली. वेगदर्शक खोटे बोलणार नाही. परंतु त्याच रिमवर १८५/६० घेतल्यास व्यास ५७८ होतो व चाक सुमारे पावणेतीन टक्क्यांनी लहान पडते. तीन टक्क्यांच्या आत फरक ठेवावा, हा व्यवसायातील प्रघात या सीमेजवळून जातो. व्यास वाढला तर वेगदर्शक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो, व ते अधिक धोक्याचे. भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असू नये, हा नियम तर त्याहून कडक होय. ८३ म्हणजे एका टायरवर ४८७ किलोग्रॅम आणि ८६ म्हणजे ५३० किलोग्रॅम, हे कोष्टक पाहिल्यावाचून केवळ रुंदीवरून अनुमान काढता येत नाही.

भारतात या साऱ्या पद्धती एकाच रस्त्यावर नांदल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली, तेव्हा अमेरिकी मापे आली. ब्रिटिश गाड्यांबरोबर त्यांची मापे आली. टायरांचे उत्पादन देशात सुरू झाल्यावर, म्हणजे १९३६ मध्ये बंगालात साहागंज येथे डनलपचा कारखाना निघाल्यावर व १९५८ मध्ये मुंबईत सीएट उभी राहिल्यावर, देशात जे तयार होईल तेच माप हाच व्यवहार झाला. अँबॅसिडरला ५.९०-१५ आणि प्रीमियर पद्मिनीला ५.२०-१४ ही मापे दीर्घकाळ राहिली. गाड्याच मोजक्या होत्या, म्हणून मापेही मोजकी. पर्याय शोधण्याचा प्रश्न बहुतेक मालकांना पडला नाही, कारण निवडण्यासारखे काही नव्हतेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९५ वा नियम टायरचे माप व थरांचे मान यांसंबंधी आहे. गाड्यांचे नवे प्रकार आले, रेडियल रूढ झाले, तिरकस मापांच्या गाड्या मात्र रस्त्यावर उरल्या. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत चालू होत्या. अशा गाडीला रेडियल घालावयाचा तर ५.२०-१४ चा मेळ १५५/८० आर १४ शी लावावा लागतो. नव्या टायरचा व्यास ६०४ मिलिमीटर येतो. जुन्याचा छेद जवळजवळ वर्तुळाकार असल्याने त्याचा व्यासही ६१० च्या आसपास पडतो, व तफावत तीन टक्क्यांच्या पुष्कळ आत राहते. ट्रकांच्या बाबतीत १०.०० आर २० या ट्यूबच्या टायरची जागा ११ आर २२.५ हा ट्यूबविरहित टायर घेतो. आकडे सर्वस्वी भिन्न, परंतु बाह्य व्यास जवळपास सारखा. रिम मात्र बदलावीच लागते.

तिरकस थरांची जुनी संज्ञा मोटारींतून निघून गेली तरी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आवारात ती ठळकपणे दिसते. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीच्या, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाडीच्या टायरवर ८.००-१९ असा आकडा उठविलेला असतो. लोखंडी धावेची जागा घेणारा हा टायर मोटारीने शंभर वर्षांपूर्वी स्वीकारलेल्या व नंतर टाकून दिलेल्या पद्धतीनेच मोजला जातो, आणि तो झिजल्यावर तोच आकडा पाहून दुसरा आणला जातो.